कृषी पदवीचे महाविद्यालय: कमी शुल्क आणि चांगला दर्जा कुठे एकत्र सापडतो

भारतात कृषी पदवीच्या शिक्षणात एक गोष्ट इतर शाखांपेक्षा वेगळी आहे. अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनात नावाजलेली खासगी महाविद्यालये पुष्कळ आहेत आणि चांगल्या शिक्षणासाठी जास्त पैसे मोजावे लागतात, हे पालकांनी गृहीत धरलेले असते. कृषी शाखेत बहुतेक वेळा याच्या उलट असते. ज्या जागा सर्वांत स्वस्त, त्याच बहुधा सर्वांत चांगल्या, कारण या शिक्षणाला लागणारे खरे भांडवल म्हणजे जमीन, आणि संशोधनाखालची मोठी जमीन राज्यांच्या कृषी विद्यापीठांकडे आहे. वर्गखोल्या आणि प्रयोगशाळा दोन-तीन वर्षांत उभ्या करता येतात. ज्या मातीत पन्नास वर्षे नोंदी ठेवून पिके घेतली गेली, ती माती मात्र विकत मिळत नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर कृषी विद्यापीठांच्या जन्मकथेत आहे. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. पुढे अमेरिकेतल्या लँड ग्रँट महाविद्यालयांच्या धर्तीवर १९६० मध्ये पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. सरकारने विद्यापीठाला जमीन द्यायची आणि विद्यापीठाने अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छताखाली करायची, असा तो नमुना होता. बेंगळुरूचे कृषी विज्ञान विद्यापीठ १९६४ मध्ये याच नमुन्यावर स्थापन झाले आणि उभारणीच्या काळात त्याला टेनेसी विद्यापीठाचे साह्य मिळाले. पण बेंगळुरूतली कृषी शिक्षणाची मुळे त्याहून जुनी आहेत. म्हैसूर संस्थानाने १८९९ च्या सुमारास डॉ. लेहमन या रसायनशास्त्रज्ञाला बोलावले, महाराणी वाणीविलास यांनी हेब्बाळला ३० एकर जमीन दिली आणि तिथे प्रायोगिक शेती सुरू झाली. कॅनडाहून आलेल्या लेस्ली कोलमन यांच्या काळात हेब्बाळला कृषी शाळा निघाली आणि १९४६ मध्ये महाविद्यालय झाले. महाराष्ट्रात पुण्याचे आणि नागपूरचे कृषी महाविद्यालय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) ही चार विद्यापीठे त्यानंतरची. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले पाहिजे, हा आग्रह महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये एकोणिसाव्या शतकातच धरला होता. राहुरीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे ते उगीच नव्हे.

दर्जा पारखण्याआधी महाविद्यालयाची मान्यता तपासावी लागते, आणि इथे बराच गोंधळ आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती, कृषी शिक्षण आणि संशोधन हा राज्यसूचीतला चौदावा विषय आहे. वैद्यकीय शिक्षणावर राष्ट्रीय आयोगाची आणि पशुवैद्यकीय शिक्षणावर १९८४ च्या कायद्याने आलेल्या परिषदेची सक्ती चालते. तशी कायदेशीर नियामक परिषद कृषी पदवीला नाही. भारतीय कृषी संशोधन परिषद, म्हणजे आयसीएआर, ही १९२९ मध्ये नोंदवलेली संस्था आहे. ती अभ्यासक्रमाचा आराखडा ठरवते, विद्यापीठांना निधी देते आणि आपल्या मंडळामार्फत अधिस्वीकृती देते. अधिस्वीकृती नसलेल्या महाविद्यालयाला टाळे लावण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे नाही. त्यामुळे एखादे खासगी विद्यापीठ कायद्याने पदवी देऊ शकते, तिच्यावर ‘बी.एस्सी. कृषी’ असे छापलेलेही असते, आणि तरीही ती पदवी पुढच्या दारांवर अडते. आयसीएआरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला अधिस्वीकृती नसलेल्या खासगी महाविद्यालयांचे पदवीधर पात्र धरले जात नाहीत. काही राज्यांची कृषी विद्यापीठे आणि काही भरती मंडळेही हीच अट घालतात. मुलाला हे कळते तेव्हा चार वर्षे आणि घरचे काही लाख रुपये खर्च झालेले असतात.

म्हणून माहितीपत्रकात ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द दिसला तर कोणाची मान्यता, हे लगेच विचारले पाहिजे. यूजीसीच्या यादीत नाव असणे म्हणजे विद्यापीठ खरे आहे एवढेच. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते आणि तिच्यात कृषी विभागाचे शेत कसे आहे, हे उमटत नाही. आयसीएआरची अधिस्वीकृती विद्यापीठाला, त्याच्या महाविद्यालयाला आणि त्या अभ्यासक्रमाला अशी वेगवेगळी पाहावी लागते आणि तिला मुदत असते. मुदत संपलेले प्रमाणपत्र भिंतीवर लटकत राहते. पत्रकातल्या छायाचित्रावर विसंबू नये, परिषदेच्या संकेतस्थळावरची यादी उघडून महाविद्यालयाचे नेमके नाव, गाव आणि अधिस्वीकृतीचा कालावधी जुळवून पाहावा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत २०२३ पासून कृषी आणि संलग्न शाखांचा स्वतंत्र गट आहे. त्याचा उपयोग विद्यापीठांचा ढोबळ अंदाज घेण्यापुरता करावा. क्रमांक विद्यापीठाचा असतो, आणि मूल ज्या महाविद्यालयात जाणार ते मुख्य आवारापासून शंभर-दीडशे किलोमीटरवरचे असू शकते.

बेंगळुरूच्या दक्षिणेकडच्या बनशंकरीसारख्या वस्तीतल्या मराठी घराला महाविद्यालय निवडीचा हा प्रश्न कसा दिसतो, ते पाहण्यासारखे आहे. बदामीजवळची मूळ बनशंकरी म्हणजे शाकंभरी. कित्येक मराठी घरांची ती कुलदेवता, आणि तिच्या उत्सवात भाज्यांचे नैवेद्य मांडले जातात. तिच्या नावाच्या या उपनगरात पीईएस आहे, शेजारच्या कुमारस्वामी लेआउटला दयानंद सागर हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि दहावी झालेल्या मुलासमोर अभियांत्रिकीचा रस्ता आपोआप येतो. त्या ओघात अकरावीला पीसीएमसी, म्हणजे जीवशास्त्राच्या जागी संगणकशास्त्र, घेतले जाते आणि कर्नाटकातल्या बी.एस्सी. कृषीचा रस्ता तिथेच बंद होतो. त्या पदवीला इथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. गणित असलेल्या मुलांसाठी बी.टेक. कृषी अभियांत्रिकी खुले राहते. महाराष्ट्रात बी.एस्सी. कृषीला जीवशास्त्राचा पीसीबी आणि गणिताचा पीसीएम असे दोन्ही गट चालतात, त्यामुळे पुण्या-सांगलीच्या नातेवाइकांचा सल्ला या एका मुद्द्यावर बनशंकरीत लागू पडत नाही. दहावीनंतर आवड नक्की नसेल, तर पीसीएमबी, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, घेतलेले बरे. ओझे थोडे वाढते, पण दोन्ही दारे उघडी राहतात.

कर्नाटकातल्या सरकारी जागांचे प्रवेश कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे केईए, सीईटीवरून करते. बारावीचे गुण आणि सीईटीचे गुण यांच्यावर क्रमांक ठरतो. पहिलीपासून बारावीपर्यंत किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेले आणि दहावी किंवा बारावी इथूनच उत्तीर्ण झालेले मूल मराठी घरातले असले तरी स्थानिक म्हणूनच धरले जाते, शाळा सीबीएसईची असली तरीही. दहा-बारा वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेल्या घरांतली मुले बहुधा या अटीत बसतात. नववी-दहावीला आलेली मुले बसत नाहीत, आणि त्यांच्या पालकांनी शाळांचे दाखले जुळवून वर्षे आधीच मोजून ठेवावीत.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी कर्नाटकात जागांचा मोठा हिस्सा राखीव असतो आणि त्यासाठी वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा होते. टेबलावर बी, तण, खत, अवजार, रोगट पान अशा शेतातल्या वस्तू मांडलेल्या असतात. त्या ओळखायच्या आणि त्यांच्याविषयी लिहायचे. सुफला आणि युरिया यांतला फरक, किंवा कुळीथ आणि मटकी यांतला फरक पाठ करून येत नाही, तो हाताळून येतो. ही परीक्षा म्हणूनच चांगली आहे. नोकरदार मराठी कुटुंबाने एक लक्षात घ्यावे: गावाकडच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आहे म्हणून हा हक्क आपोआप मिळत नाही. कुटुंबाचे उत्पन्न खरोखर शेतीचे असल्याचे महसूल खात्याचे दाखले मागितले जातात. महाराष्ट्रातही शेतकरी कुटुंबातल्या मुलांना गुणवत्ता यादीत जादा गुणांची सोय राहिली आहे, पण तिचे नियम आणि कागद वेगळे आहेत.

बनशंकरीतून सर्वांत जवळचे आणि दर्जाने सर्वांत वरचे नाव म्हणजे जीकेव्हीके, गांधी कृषी विज्ञान केंद्र. जवळचे म्हणायचे ते एकाच शहरात आहे म्हणून. बनशंकरी दक्षिणेला, जीकेव्हीके उत्तरेला बळ्ळारी रस्त्यावर हेब्बाळच्या पुढे. बनशंकरीची मेट्रो हिरव्या मार्गावर आहे आणि तो मार्ग हेब्बाळला जात नाही, त्यामुळे मॅजेस्टिकला उतरून बस धरावी लागते. सकाळी लवकर शेतातले प्रात्यक्षिक असते. रोज दोन्ही बाजूंचा मिळून तीन-चार तासांचा प्रवास करून ते निभत नाही, म्हणून याच शहरातल्या मुलानेही वसतिगृहाचा विचार करावा. आवार सुमारे १,३०० एकरांचे आहे. कोरडवाहू शेती आणि नाचणी ही इथली ओळख. सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीच्या संकरातून ‘इंडाफ’ वाण काढले ते याच परंपरेत, आणि करपा रोगाला तोंड देणारा जीपीयू-२८ हा वाणही इथलाच. दक्षिण कर्नाटकात रोज खाल्ल्या जाणाऱ्या ‘मुद्दे’मागे, म्हणजे नाचणीच्या उंड्यामागे, या आवारातले काम आहे.

जीकेव्हीकेत क्रमांक लागला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. मंड्याजवळचे व्ही. सी. फार्म हे विश्वेश्वरय्या कालव्याच्या नावाचे क्षेत्र भात आणि ऊस शिकायला उत्तम. हासनला कृषी महाविद्यालय आहे आणि चिंतामणीला रेशीमशास्त्राची पदवी मिळते. राज्याच्या उत्तरेला धारवाडचे कृषी महाविद्यालय १९४७ मधले, मुंबई प्रांताच्या काळातले. त्याला १९८६ मध्ये स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कापसाचा गाजलेला ‘वरलक्ष्मी’ संकर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडच्या बी. एच. कटरकी यांनी दिला. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलांना धारवाड भाषेच्या आणि हवामानाच्या दृष्टीने बेंगळुरूपेक्षा जवळचे वाटते. फळबागेची ओढ असेल तर बागलकोटचे उद्यानविद्या विद्यापीठ आहे, आणि रायचूर व शिवमोग्गा इथे आणखी दोन विद्यापीठे आहेत. अवघ्या राज्यात सरकारी जागांचे शुल्क जवळपास सारखेच असते. निवड मग पिकांवर आणि हवामानावर ठरते.

दुसरा मार्ग देशपातळीवरचा आहे. राज्य कृषी विद्यापीठांतल्या २० टक्के जागा आयसीएआर भरते, आणि २०२३ पासून त्यासाठी सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेचे गुण धरले जातात. झाशीचे राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ, कर्नालची राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्था यांसारख्या केंद्रीय संस्थांच्या सगळ्या जागा याच वाटेने भरतात. सात वर्षांच्या अटीत न बसणाऱ्या बनशंकरीतल्या मराठी मुलासाठी ही वाट विशेष उपयोगाची, कारण इथे राज्य आड येत नाही. या मार्गाने आपल्या राज्याबाहेर प्रवेश घेतल्यास परिषदेची नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप दरमहा मिळते. मुलाला राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली हवे असेल, तर महाराष्ट्राच्या सीईटीपेक्षा हा रस्ता सरळ पडतो. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाचे आणि दहावी-बारावी कुठून केली याचे नियम आड येतात. सीमाभागाला मात्र दोन्हीकडून काही सवलती आहेत. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना स्थान आहे, आणि कर्नाटकाच्या नियमांत अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना.

कोणत्या विद्यापीठात जायचे, याचे उत्तर घरच्या जमिनीशी जोडून शोधले तर निवड सोपी होते. कोकणात आंबा-काजूची बाग असेल तर दापोली. ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ हे आंबे तिथलेच. ऊस आणि फळबागांच्या पट्ट्यातल्या घराला राहुरी उपयोगी. को ८६०३२ हा ऊस महाराष्ट्रात रुजला तो पाडेगावच्या संशोधन केंद्रातून. कापूस-सोयाबीनवाल्यांना अकोला किंवा परभणी. भेंडीची ‘परभणी क्रांती’ हळद्या विषाणूला तोंड देणारी म्हणून गाजली. चार वर्षे ज्या मातीत हात घालायचा, ती आपल्या गावच्या मातीची बहीण असावी. बेंगळुरूत शिकलेल्या मुलाला तांबड्या जमिनीतली नाचणी आणि एरंडी उत्तम येते. विदर्भातल्या काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीवर मात्र त्याला पुन्हा शिकावे लागते. अर्थात ज्याला संशोधनात किंवा बँकेत जायचे आहे, त्याला हा विचार तितका जाचत नाही.

महाविद्यालय पाहायला गेल्यावर इमारतीत फार वेळ घालवू नये. आधी शेत पाहावे, आणि शक्य तर जुलै ते सप्टेंबर या काळात, कारण उन्हाळ्यात सगळीच शेते मोकळी दिसतात. चांगल्या प्रक्षेत्रावर प्रत्येक वाफ्याच्या टोकाला पाटी असते: पीक, वाण, पेरणीची तारीख, दोन ओळींतले अंतर, खताची मात्रा आणि पुनरावृत्तीचा क्रमांक. एकाच प्रयोगाचे तीन-चार समान वाफे विखरून मांडलेले दिसतात, कारण जमिनीचा उतार आणि पोत यांचा परिणाम वेगळा काढायचा असतो. पाट्या नव्या, शाई ताजी आणि वाफ्यात तण माजलेले असेल, तर ती पाहुण्यांसाठी केलेली मांडणी समजावी. पाटी उन्हाने फिकी झालेली आणि पीक पाटीवरच्या तारखेशी जुळणाऱ्या वाढीचे असेल, तर तिथे काम चालू आहे. विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेले छोटे वाफे वेगळे असतात. प्रत्येकाने आपला वाफा नांगरटीपासून मळणीपर्यंत सांभाळायचा आणि शेवटी जमाखर्च मांडायचा. हे वाफे मोकळे असतील किंवा मजुरांनी केलेले असतील, तर बाकी सगळे विचारण्याची गरज उरत नाही.

शेतानंतर गोठा, रोपवाटिका, हवामान केंद्र, माती परीक्षण प्रयोगशाळा आणि कीटकांचा संग्रह. संग्रहातल्या पेट्यांवर विद्यार्थ्यांची नावे आणि गोळा केल्याचे ठिकाण लिहिलेले असावे. विकत आणलेला संग्रह ओळखू येतो, कारण त्यात परिसरातल्या किडी नसतात. बेंगळुरूत हेब्बाळच्या भागातच आयसीएआरचा कृषी कीटक संपत्तीचा राष्ट्रीय ब्यूरो आहे आणि हेसरघट्ट्याला भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था. अशा संस्था जवळ असल्याचा फायदा पदवीच्या विद्यार्थ्यालाही मिळतो, कारण व्याख्याते, प्रकल्प आणि बियाणे सगळे हाताशी येते. जीकेव्हीकेवर दरवर्षी बहुधा नोव्हेंबरमध्ये कृषी मेळा भरतो. तो सर्वांना खुला असतो, आणि प्रवेशाच्या आदल्या वर्षी बारावीतल्या मुलाने तिथे एक पूर्ण दिवस घालवावा. प्रयोगाचे वाफे, नवे वाण आणि प्रश्न विचारणारे शेतकरी, सगळे एकाच जागी पाहायला मिळते.

शिक्षकांविषयी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, उद्यानविद्या, अनुवंशशास्त्र, अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षण या प्रत्येक विभागात पूर्णवेळ, पीएच.डी. झालेले किती जण आहेत. दुसरी, त्यांच्यातले किती जण तीन वर्षांपूर्वीही तिथेच होते. वर्षावर्षाने बदलणारे तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतील तर प्रयोग हंगामभरही टिकत नाही. या बाबतीत सरकारी महाविद्यालयांनाही झुकते माप देऊ नये. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे विद्यापीठांतली पदे वर्षानुवर्षे रिक्त राहण्याची तक्रार जुनी आहे आणि ती खरी आहे. नव्याने काढलेल्या सरकारी महाविद्यालयापेक्षा शेत आणि शिक्षक दोन्ही असलेले जुने, अनुदानित महाविद्यालय कधीकधी सरस ठरते.

खर्चाचा हिशेब शिक्षण शुल्कावर थांबवू नये. वसतिगृह आणि खानावळ मिळून सरकारी महाविद्यालयात शुल्काच्या बरोबरीने किंवा जास्त खर्च होतो. शिवाय प्रात्यक्षिकाच्या वह्या, शेतात घालायचे बूट आणि कपडे, अभ्याससहली आणि गावात राहण्याच्या सत्राचा खर्च असतो. खासगी महाविद्यालयांचे माहितीपत्रक बहुधा पहिल्या वर्षाचे शुल्क ठळक छापते. चार वर्षांचे सगळे मिळून किती, दरवर्षी वाढ किती, आणि वसतिगृह सक्तीचे आहे का, हे लेखी मागावे. महाराष्ट्रात खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि तो आकडा जाहीर असतो. त्याहून जास्त मागणी झाली तर तिथेच थांबावे.

शिष्यवृत्त्यांची एक अट पुष्कळांना उशिरा कळते. महाराष्ट्रातली राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना मिळालेली पूर्ण शुल्कमाफी, या सवलती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी असतात. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत जाते. म्हणजे आधीच महाग असलेली जागा आणखी महाग होते. कर्नाटकात स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवरून अर्ज होतात, आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये रयत विद्यानिधी सुरू झाला. जात, उत्पन्न आणि अधिवासाचे दाखले बारावीच्या परीक्षेपूर्वीच काढून ठेवावेत, कारण जून-जुलैत तहसील कचेरीत रांगा लागतात.

बेंगळुरूत प्रवेशाच्या हंगामात दलाल फिरतात. सीईटी नको, थेट प्रवेश, नोकरीची हमी आणि आजच पैसे भरल्यास सूट, ही त्यांची ठरलेली बोली. एखाद्या पालकाने शेत कुठे आहे असे विचारले की उत्तर येते, ‘करार केलेला आहे, तीस किलोमीटरवर.’ करारावरच्या शेतात आठवड्यातून एकदा बसने नेऊन आणलेल्या मुलाला पिकाची वाढ दिसत नाही, त्याला दोनच अवस्था दिसतात, पेरलेले आणि कापलेले. सगळी खासगी महाविद्यालये अशी नाहीत. स्वतःची जमीन, अधिस्वीकृती आणि जुने शिक्षक असलेली खासगी आणि अनुदानित महाविद्यालये महाराष्ट्रात आहेत, आणि ती कृषी विद्यापीठांशी संलग्न असल्याने परीक्षा आणि पदवी विद्यापीठाचीच मिळते. संलग्नता कोणाशी आहे, हा म्हणूनच पहिला प्रश्न. चौकशीला गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या दोन विद्यार्थ्यांशी एकट्याने बोलू द्यावे, असे सांगून पाहावे. जिथे तसे बोलू देत नाहीत, तिथे आणखी काही विचारण्यात वेळ घालवू नये.

चौथ्या वर्षातले गावात राहण्याचे सत्र हा या पदवीचा गाभा. विद्यार्थ्यांना गटाने एखाद्या गावात पाठवतात. ते शेतकऱ्याच्या घरी किंवा शाळेत राहतात आणि पेरणी, फवारणी, माती परीक्षण, बीजप्रक्रिया यांत हात घालतात. पहिल्या आठवड्यात गावकऱ्यांना मारुतीच्या पारासमोर जमवून रांगोळीने गावाचा नकाशा काढला जातो. विहिरी निळ्या, कोरडवाहू शिवार पिवळे, ओढा, वस्त्या, दूध डेअरी. म्हाताऱ्या बायका पुढे येऊन ओढ्याची जुनी वाट पुसून नवी काढतात, आणि विद्यार्थ्याला गाव पहिल्यांदा समजते. कर्नाटकात हे सत्र कन्नड गावात होते. बनशंकरीत वाढलेल्या मराठी मुलाला कन्नड येते, तो त्याचा मोठा आधार. सीयूईटीमधून आलेल्या, भाषा न येणाऱ्या मुलाने पहिल्या वर्षापासून ती शिकावी. महाविद्यालय हे सत्र खरोखर गावात घेते का, की कागदावर, हे गेल्या वर्षीच्या अहवालावरून कळते. आयसीएआरच्या नव्या, सहाव्या डीन समितीने ठरवलेल्या अभ्यासक्रमात कौशल्याचे विषय आणि प्रशिक्षण वाढले आहे, त्यामुळे हे सत्र अधिकच महत्त्वाचे झाले आहे.

पदवीनंतरच्या वाटा महाविद्यालय निवडतानाच पाहाव्यात. बँकांत कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची भरती आयबीपीएस करते आणि तिला चार वर्षांची कृषी किंवा संलग्न पदवी लागते. राज्यसेवेत कृषी अधिकाऱ्यांच्या परीक्षा आहेत. बियाणे, खते आणि औषधांच्या कंपन्या चांगल्या महाविद्यालयात मुलाखतीला येतात. कोणत्या कंपन्या आल्या आणि किती जणांना घेतले, याची वर्षवार यादी मागावी, एका विद्यार्थ्याच्या मोठ्या पगाराचे छायाचित्र नको. स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर २००२ पासूनची कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र योजना आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेच्या देखरेखीखाली ४५ दिवसांचे प्रशिक्षण मोफत मिळते, आणि कर्जावरचे अनुदान सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के आहे.

शेवटी पर्याय भरण्याचा टप्पा. केईएच्या प्रक्रियेत यादीचा क्रम महत्त्वाचा असतो, कारण वरचा पर्याय मिळाला की खालचे आपोआप गळतात. त्यामुळे मनापासून हवे असलेले महाविद्यालय वर लिहावे, मिळण्याची शक्यता कमी वाटली तरीही. बी.एस्सी. कृषीच्या सगळ्या सरकारी महाविद्यालयांच्या खाली उद्यानविद्या, वनशास्त्र, रेशीमशास्त्र, अन्नतंत्रज्ञान असे जे खरोखर शिकायला चालेल तेच लिहावे. जागा जाहीर झाल्यावर चार पर्याय समोर येतात: जागा स्वीकारून प्रवेश घेणे, ती राखून पुढच्या फेरीत वरचे पाहणे, ती सोडून पुढच्या फेरीत उतरणे, किंवा प्रक्रियेतून बाहेर पडणे. दुसरा पर्याय बहुतेकांना सोयीचा. तिसरा निवडताना हातातली जागा जाते, हे मुलाला आणि पालकांना दोघांनाही ठाऊक असावे. सीयूईटीची फेरी वेगळ्या वेळापत्रकाने चालते. तिकडची जागा आधी मिळाली तर शुल्क परत मिळण्याची अंतिम तारीख पाहून ठेवावी. महाविद्यालयात हजर होताना मूळ गुणपत्रिका आणि दाखले मागितले जातात. त्यांच्या छायांकित प्रतींचे दोन संच घरी ठेवावेत आणि मूळ कागद जमा केल्याची सही-शिक्क्याची पावती घ्यावी.